कागदाआधीचं टोपडं

नौपाड्यातल्या आमच्या पुढच्या खोलीत मी जवळजवळ सगळं आयुष्य तान्ह्या बाळांचे कपडे शिवले. झबली, टोपडी, कुंच्या, लंगोट, दुपटी. दुसरं काही नाही. ब्लाउज शिवायला कुणी आलं, तर मी अशा नजरेनं बघायचे की बाई आपलं कापड उचलून मुकाट्यानं जिना उतरायची. आणि माझा एक नियम होता. बाळ जन्माला आलं, रडलं, आणि घरातल्या कुणीतरी येऊन तसं मला सांगितलं, की मगच मी कात्री हातात घेणार. दिवस भरत आलेली एखादी बाई पोट सावरत वर यायची आणि म्हणायची, "काकू, चार झबली आधीच करून ठेवता का?" की तिशीतली मी कमरेवर हात ठेवून उभी.

"आधी म्हणजे? घरात जुनं मऊ धोतर नाही का? पहिलं तेच गुंडाळायचं. नवं कापड बाळ आल्यावर."

"अहो, पण डॉक्टर म्हणाल्या, बॅग भरून ठेवा."

"मग डॉक्टरांनाच म्हणावं शिवा."

त्या तिशीतल्या शिवणाऱ्या बाईचा रुबाब बघण्यासारखा होता. गळ्यात मापाची टेप, तोंडात टाचण्या, आणि अख्ख्या नौपाड्यातल्या बाळांचं बरंवाईट जणू तिच्या एकटीच्या कात्रीवर टांगलेलं. मला बाळंतपणातलं काय कळत होतं? एकच बाळंतपण झालेलं, तेही माहेरी, आईनं सगळं हातात आणून दिलेलं. पण बोलायची अशी, की सुईणींनी शिकवणी लावावी. आज ती मला भेटली तर आधी तिच्या तोंडातल्या टाचण्या काढून घेईन आणि मग दोन गोष्टी सुनावीन. ऐकेल असं मात्र नाही. साठी उलटल्यावरही ती ऐकणारी झाली नव्हती, आणि मी सांगतेय ती गोष्ट त्यापुढचीच आहे.

आमची लेक लग्नानंतर जर्मनीला गेली. जावई डोंबिवलीचा, त्याची आई अजून तिथेच असते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. औषधपाणी झालं, दवाखाने झाले. लेक त्याबद्दल फार बोलायची नाही, आणि मी नेमकं नको तेव्हा विचारायचे. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघं शेजारी शेजारी बसली होती, न्हाऊनमाखून, शाळेच्या फोटोला बसल्यासारखी.

"आई, बाबा, आम्ही मूल दत्तक घेतोय. आपल्याकडूनच, भारतातून."

आमचे हे पटकन म्हणाले, "वा! मुलगी मागा."

"बाबा, मागायचं नसतं तसं."

"मग जे देतील ते घ्या. पण मुलगी घ्या."

नाव नोंदवून झालं, बराच काळ काही कळलं नाही, आणि एक दिवस लेकीचा फोन आला. मुलगी होती. जेमतेम वर्षाची. आणि संस्था कुठली, तर कल्याणच्या थोडं पुढची. लेकीला परदेशातून मूल न्यायचं होतं, आणि तो परदेश माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर निघाला. मी रिक्षा ठरवून भाजीला गेल्यासारखी जाऊन आले असते. नात तिथे, आई जर्मनीत, आणि मधे कागद.

कागदांचं काय सांगू? तिकडच्या संस्थेचा अहवाल, इकडच्या संस्थेचा अहवाल, दोन सरकारांची हरकत नसल्याची पत्रं, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचे दाखले. आणि प्रत्येकाला मुदत. एक ताजा मिळेपर्यंत दुसरा शिळा झालेला. पोलिसांचा दाखला हातात आला तर डॉक्टरांचा आंबलेला. तो नवा काढेपर्यंत घर पाहणीचा अहवाल जुना झाला, मग तिकडची बाई पुन्हा येऊन लेकीच्या घरातल्या खिडक्यांना कड्या आहेत का ते बघून गेली. अशातच इथले नियम बदलले. जे कोर्टात व्हायचं ते दुसऱ्या कचेरीकडे गेलं, आणि आमची फाइल दोन्हींच्या मधल्या रस्त्यात कुठेतरी उभी राहिली. कुणाची चूक म्हणावी असं काही नव्हतं. सगळे जण सभ्यपणे सांगायचे, "प्रक्रिया चालू आहे."

संस्थेतल्या ताई मात्र कागदांवर थांबणाऱ्या नव्हत्या. मूल लेकीचं हे ठरल्याबरोबर त्यांनी कळवलं, की एक आल्बम करून पाठवा. जाड पुठ्ठ्याचा. एका पानावर एकच माणूस, चेहरा मोठा, म्हणजे आम्ही तिला रोज दाखवू. ही आई, हा बाबा, हे आजोबा, या आज्या. आणि घरातलं एखादं मऊ कापड पाठवा, वापरलेलं. दुपटं असेल तर फारच छान. ती ते घेऊन झोपेल, घरी येईल तेव्हा वास ओळखीचा असेल.

लेक फोनवर हसत म्हणाली, "आई, दुपटं म्हटल्यावर मी ताईंना म्हटलं, तुम्ही नौपाड्यातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्याला ऑर्डर देताय."

आणि मी काय म्हणाले असेन?

"कागद होऊ दे. मग शिवते."

"अगं, कागदाला वेळ लागणार आहे."

"म्हणूनच. अजून आपलं झालं नाही ते. आधी शिवायचं नसतं."

"आई, ती जन्मलीये! वर्षाची आहे! चालायला लागलीये!"

"आपल्याकडे अजून जन्मायची आहे," मी म्हणाले. काय वाक्य! मला स्वतःलाच इतकं आवडलं, की दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंना पुन्हा म्हणून दाखवलं. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा.

आल्बमलाही मी फोटो दिला नाही. नजर लागते, हे एक. आणि कागद अडला, मूल दुसऱ्या कुणाला गेलं, तर त्या पोरीनं माझा चेहरा आजी म्हणून कशाला पाठ करायचा, हे दुसरं. हे दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. भीती होती ती. नियम म्हटलं की भीतीला बरा पोशाख मिळतो. लेकीनं वाद घातला नाही. म्हणाली, "तुझं पान रिकामं ठेवते. मन बदललं की सांग."

डोंबिवलीच्या विहीणबाईंनी मात्र पैठणी नेसून, केसात गजरा माळून, कॅमेऱ्यात बघून दात दाखवून फोटो काढला. शिवाय फोनवर एक बडबडगीत म्हणून पाठवलं. सूर कुठल्या कुठे. मी ह्यांना म्हटलं, "बाईला काही धरबंध आहे का?" दिवाळीला आमच्याकडे आल्या तेव्हा विहीणबाईंनी सगळ्यांसमोर करंजी मोडत मला विचारलं, "काय हो, तुमच्या झबल्यांत अख्खा नौपाडा वाढला, आणि घरची नात संस्थेच्या कपड्यांत?"

"कागद झाला की बघा. पेटी भरून देईन."

"कागद काय, अंगात घालते का ती?"

हे खाली बघून खोकले. हसू आलं की ते खोकायचे.

त्यानंतर लेक एकदा चार दिवसांसाठी आली. तिला मुलीला भेटायची परवानगी मिळाली होती, बरोबर घरातली वडीलधारी माणसंही चालतील म्हणाले. माजिवड्यावरून आम्ही तिघं भाड्याच्या गाडीनं कल्याणकडे निघालो. मी गाडीत बसले याचं कारण इतकंच, की लेक चार दिवसांसाठी आलेली, तिच्याजवळ जितकं बसता येईल तितकं बसावं. संस्थेच्या फाटकापाशी गाडी थांबली. लेक उतरली, वाकून आत बघत म्हणाली, "चल ना आई. अर्धा तास."

"तुम्ही जाऊन या."

"अगं, बघ तरी. शिवू नकोस, फोटो नको देऊस. नुसती बघ."

"कागदाआधी बघायचं नाही."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर मी भांडले असते. ती म्हणाली, "बरं," आणि गाडीचं दार इतकं हळू लावलं, की ते नीट लागलंच नाही. हे तिच्यामागून गेले. जाताना मागे वळून माझ्याकडे बघून हात हलवला, मी परगावी निघाल्यासारखा.

मी काच खाली करून बसले. आत कुठेतरी मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती, मधेच एकाचा सूर सुटायचा आणि सगळी हसायची. भिंतीवर लहान लहान कपडे वाळत घातले होते. मी कपड्यांच्या शिवणी बघत बसले! काखेत कापड अपुरं पडलंय, गळा घट्ट झालाय, अशी टीका चालली होती मनात. भिंतीपलीकडे माझी नात होती, आणि ही बाई दुसऱ्याच्या काखा मोजत होती. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, तुम्ही नाय गेलात?" मी म्हटलं, "मला गाडी लागते." उभ्या गाडीत!

दोघं परत आली तेव्हा लेकीचे डोळे सुजले होते आणि हे अगदी खुशीत होते. घरी पोचेपर्यंत दोघांनी मला काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ह्यांनी एकदाच आपल्या टकलावरून हात फिरवला आणि खोकले.

दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की नमुन्याच्या डब्यातलं एक टोपडं नाही. गिऱ्हाइकांना दाखवायला प्रत्येक प्रकारातलं एकेक मी ठेवलेलं असायचं. नेमकं फ्लॅनेलचं, कानांवर दोन पाकळ्या येणारं. तसल्या पाकळ्या ठाण्यात फक्त मी काढायचे. डबा उपसला, कपाट उपसलं. शेवटी निकाल दिला, की उंदरानं नेलं. दुकानातून पिंजरा आणला, त्यात भज्याचा तुकडा लावला. उंदीर काही सापडेना. भजं मात्र रोज नाहीसं व्हायचं. मी ह्यांना म्हणायचे, "बघा, किती हुशार आहे मेला!" हे म्हणायचे, "हुशार आहे खरा. उद्या बटाट्याचं लाव."

मग फाइल हलली. पुन्हा थांबली. पुन्हा हलली. अशाच एका सकाळी हे दूध आणायला गेले, परत आले, पिशवी ओट्यावर ठेवली, "आज दूध पातळ वाटतंय," म्हणाले, आणि खुर्चीत बसले. मी दूध तापवायला ठेवून वळले तेवढ्यात सगळं झालं होतं.

त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. एवढंच, की लेक आली, दिवस झाले, आणि परत जायच्या आधी तिनं संस्थेतल्या ताईंना विचारलं, की आल्बममधलं आजोबांचं पान काढून टाकायचं का. ताई म्हणाल्या, "नको. ती रोज दुपारी झोपायच्या आधी पानं उलटते. आजोबांच्या पानाशी जास्त वेळ थांबते. राहू दे." लेक मला म्हणाली, "आई, आता तरी तुझा फोटो देऊ?" आणि मी म्हणाले, "यंदा नको. वर्ष होऊ दे." तोवर नियमांचा मला इतका सराव झाला होता, की एक सुटला की दुसरा तयार.

शेवटी तो कागद आला. पोरगी तेव्हा शाळेत घालायच्या वयाची झाली होती. लेक आणि जावई येऊन तिला संस्थेतून घेऊन आमच्याकडे आले. मी सकाळपासून पुरणाचा घाट घातला होता, तिला पुरण आवडतं की नाही हे कुणाला माहीत! विहीणबाई डोंबिवलीहून आधीच येऊन सोफ्यावर बसल्या होत्या, तीच पैठणी नेसून. ओळख पटायला नको का? मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. वाटलं, किती ही मिरवायची हौस.

दारातून ती आली. पाठीवर छोटी सॅक, दोन शेंड्या, गुडघ्यावर खपली. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि थेट सोफ्याकडे बोट केलं.

"डोंबिवलीची आजी!"

विहीणबाईंनी जो हात पसरला तो माझ्या नाकासमोरून. "ओळखलं ग बाई! अहो विहीणबाई, ओळखलं मला!"

मग ती माझ्याकडे वळली. "ही कोण?"

लेक म्हणाली, "ही ठाण्याची आजी. माझी आई."

पोरीनं सॅक खाली ठेवली, आल्बम काढला आणि जमिनीवर बसून शोधायला लागली. माझ्या पानावर फोटो नव्हता म्हणून तिनं ते निळ्या खडूनं भरून टाकलं होतं, गोल गोल, नुसती गुंतवळ. तिनं एकदा त्या गुंतवळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ही नाय," तिनं निर्णय दिला आणि उठली. "आजोबा कुटंय?"

ती स्वतःच शोधायला निघाली. दारामागे बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. "टोपीवाले आजोबा?" मला काही समजेना, ह्यांनी जन्मात टोपी घातली नव्हती. तेव्हा तिनं सॅकमधून एक वस्तू काढून माझ्यासमोर धरली. ही टोपी! जुनं, विटलेलं, धुऊन धुऊन पातळ झालेलं फ्लॅनेल. कानांवर दोन पाकळ्या.

लेकीनं आल्बममधलं आजोबांचं पान पुढे केलं, त्यावर ताईंनी त्या भेटीतला फोटो चिकटवला होता. संस्थेच्या बाकावर हे बसलेले, आणि टकलावर ते इवलंसं टोपडं, पाकळ्या कानांपासून वीतभर वर.

"त्या दिवशी ती रडायची थांबेना," लेक म्हणाली. "बाबांनी खिशातून हे काढून डोक्यावर ठेवलं. ती जी हसायला लागली. निघताना बाबांनी तिलाच दिलं. मला म्हणाले, घरी बोलू नकोस, तिचा नियम आहे."

मला पिंजरा आठवला आणि ते नाहीसं होणारं भजं. हसू फुटलं. नको इतकं फुटलं, थांबेना, लेक पाणी घेऊन आली. माझ्या हातचं काहीच त्या पोरीपर्यंत पोचलं नाही असं मी धरून चालले होते, आणि एक टोपडं तीन पावसाळे तिच्या उशाशी होतं. शिवलेलं माझं. पण नाव झालं होतं आजोबांची टोपी. बरोबरच होतं ते. टोपड्यात नुसतं शिवणकाम माझं होतं.

भिंतीवर ह्यांचा फोटो होता, हार घातलेला. लेकीनं तिला उचलून दाखवला. आता हिला काय सांगायचं म्हणून आम्ही सगळे श्वास धरून. तिनं निरखून बघितलं. तिला ते कायम फोटोतच भेटलेले, तिला त्यात नवल वाटलं नाही. तिचं दुःख वेगळंच होतं.

"याची टोपी कुटंय?" ती म्हणाली, आणि टोपडं पुढे केलं. जावयानं ते फोटोच्या कोपऱ्याला अडकवलं.

जावई नोकरीसाठी परत गेला. लेक आणि नात आमच्याकडेच राहिल्या. आता मुलीचा पासपोर्ट व्हायचा होता आणि त्यावर व्हिसाचा शिक्का. इतकी वर्षं मी फाइलीच्या नावानं बोटं मोडली होती. आता मनातल्या मनात म्हणायला लागले, अडकू दे. एखादा दाखला आंबू दे. कुणीतरी रजेवर जाऊ दे. एवढ्या वेळा अडला, आणखी एकदा अडायला काय हरकत आहे?

दुपट्याचं वय तर केव्हाच गेलं होतं. मी गोधडी घातली. माझी दोन जुनी सुती पातळं, मधे ह्यांचं धोतर, वर त्यांच्या सदऱ्यांचे चौकोन. ही गोधडी मी मशीनवर एका दिवसात मारली असती, पण हातानं धावदोरा घालत बसले. मनाशी धरलं होतं, ही जितकी रेंगाळेल तितके कागद रेंगाळतील. बघा, जुना नियम टाकला तर बाईनं नवा काढला!

नात हळूहळू माझ्या मशीनखाली बसायला लागली. पायट्यावर हात ठेवायची, चिंध्या गोळा करून त्यांची लग्नं लावायची. मला आजी म्हणत नव्हती. आजी म्हणजे डोंबिवलीची. मी होते "ठाणेवाली". "ए ठाणेवाली, लाल चिंधी दे." लेक रागवायची, "असं नाही म्हणायचं, आजी म्हण." मी म्हणायचे, "राहू दे गं, बरोबर बोलतेय. ठाणेवालीच आहे मी." रात्री आल्बम उलटताना ती माझ्या गुंतवळीच्या पानावरून पटकन पुढे जायची. मी एकदा फोटो चिकटवू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नको. चित्र आहे तिथं."

तिला पहिला दात कधी आला, ती पहिल्यांदा कुणाचं बोट धरून चालली, पाय कुठे आपटला, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. तिच्या हनुवटीवर एक जुनी बारीक खूण आहे, कशाची आहे ते तिलाही माहीत नाही. त्या खुणेवर मी रोज तेल लावायचे. गाडीच्या काचेतून भिंतीवरचे कपडे मोजले, त्याच दुपारी कदाचित ती खूण ताजी असेल.

पासपोर्ट आला. पटकन! पहिल्यांदाच आमचा एखादा कागद वेळेवर झाला. मग तो शिक्क्यासाठी गेला, आणि तिथेही कुणी रजेवर गेलं नाही. गोधडीच्या दोन कडा दुमडून झाल्या होत्या, तिसरी चालू होती. लेक बँकेत गेली होती. दुपारची वेळ, मी आणि नात मटार सोलत बसलो होतो. बेल वाजली. दारात कुरियरवाला, वयानं माझ्या लेकीएवढा असेल, जिना चढून दमलेला.

"मॅडम आहेत का? पासपोर्ट आहे. त्यांचीच सही लागेल, ओळखपत्र बघून."

मी म्हटलं, "नाहीत."

"केव्हा येतील?"

लेक येतच होती. खालच्या नाक्यावर असेल. अजून पाच मिनिटं ह्या माणसाला पाणी विचारलं असतं तर काम झालं असतं.

"आज नाही यायची," मी म्हणाले. "बाहेरगावी गेलीये. उद्या या."

तो बिचारा बरं म्हणून उतरला. दार लावून वळले तर ही समोर उभी, मुठीत मटार.

"आई भाएर गावाला नाय गेली."

"नाही गेली."

"मग तू खोटं बोललीस?"

"हो."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. घरात आल्यापासून माझ्याकडे इतकं नीट तिनं पहिल्यांदाच बघितलं असेल. मग पुन्हा ताटाशी येऊन बसली, ह्या वेळी माझ्या मांडीला टेकून. एक शेंग तिनं सोलायची, एक मी. कुणाच्या शेंगेत जास्त दाणे त्याचं भांडण. ती हरली की माझे दाणे खायची. अर्धं ताट तिथेच संपलं. मी तिला नियम घातला नाही, रात्रीच्या भाजीचं काय होईल तेही बघितलं नाही.

लेक आली. चप्पल काढते न काढते तोच ही धावत दाराशी.

"आई! आई! आजी खोटं बोलली! पासपोर्टवाला काका आलेला, आजी बोलली उद्या या!"

मी ताटावरून मान वर केली नाही. आजी. चहाडी करायला का होईना.

लेक पिशवी धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. इतक्या वर्षांचं एकदम. ती म्हणाली, "आई, तू पण ना." मग आत येऊन आमच्यासमोर बसली आणि उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या. "उद्या किती वाजता येणार म्हणाला?"

"विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला, सही झाली, आठवड्यात दोघी गेल्या. सगळ्या लांबलेल्या काळात तेवढा एक दिवस मी माझ्याकडे वळवला. बाकीचा सगळा काळ कागदांनी खाल्ला असं मी खूप दिवस सगळ्यांना सांगत होते. पण फाटकापाशी मला कुठल्या कागदानं अडवलं नव्हतं. गाडीचं दार उघडंच होतं, नीट लागलंसुद्धा नव्हतं.

निघताना नातीनं फोटोवरचं टोपडं मागून घेतलं. गोधडी चौथी कड न दुमडताच गेली. व्हिडिओ कॉलवर ती कधी कधी ती कड कॅमेऱ्यासमोर धरते. "आजी, इथून दोरे निघतायत." मी म्हणते, "ओढू नकोस, मी येऊन शिवते." तिकडे जायला आता माझाच पासपोर्ट शिक्क्यासाठी गेलाय. एकदा परत आला, बँकेचा कागद जुना झाला म्हणून. पुन्हा पाठवलाय. तोच कुरियरवाला जिन्यात भेटतो. मी विचारायच्या आतच मान हलवतो. "उद्या बघू, काकू."

तोवर मी शिवत बसले आहे. माप अंदाजानं, दोन बोटं जास्तच धरून. एक फ्रॉक ह्या वर्षाचा झाला, एक पुढच्या वर्षाचा. कालपासून त्याच्या पुढच्या वर्षाचा कापायला घेतलाय.